घरी सोडल्यानंतर

दुपारी बारा-एकच्या सुमारास कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरसमोर डिस्चार्जसाठी ताटकळलेली माणसं दिसतात. विमा कंपनीची मंजुरी यायची असते, औषधांच्या दुकानाचा शेवटचा हिशेब लागायचा असतो, आणि वर वॉर्डात पेशंट सकाळपासून घरचे कपडे घालून तयार बसलेला असतो. अखेर फाइल हातात पडते. सिस्टर घाईघाईने गोळ्यांच्या पट्ट्या दाखवतात. ही सकाळ-संध्याकाळ, ही फक्त रात्री, ही दुखलं तरच. आठवड्याने दाखवायला या. व्हीलचेअर लिफ्टकडे निघते.

इतके दिवस तीन पाळ्यांमधल्या नर्स, वॉर्डबॉय, मावशी, फिजिओथेरपिस्ट आणि डॉक्टर मिळून जे काम करत होते, ते त्या संध्याकाळपासून घरातल्या एका माणसावर येतं. बहुतेक घरांत ती बायको, सून किंवा लेक असते. तिला स्वयंपाक येतो, घर चालवता येतं, कदाचित नोकरीही ती सांभाळत असते. पण लघवीची पिशवी कशी रिकामी करायची, अर्धं अंग लुळं पडलेल्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं, नाकातल्या नळीतून पेज कशी द्यायची, हे तिला कोणी नीट शिकवलेलं नसतं. हे सगळं ती आपोआप शिकेल असं घरातले आणि रुग्णालयातले दोघेही धरून चालतात.

हा काळ धोक्याचा असतो, हे आता वैद्यकशास्त्रालाही नीट उमगलं आहे. येल विद्यापीठातले हृदयरोगतज्ज्ञ हार्लन क्रुमहोल्झ यांनी २०१३ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये या दिवसांना 'पोस्ट-हॉस्पिटल सिंड्रोम' असं नाव दिलं. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी विम्याखालचे जे रुग्ण, म्हणजे प्रामुख्याने वृद्ध, रुग्णालयातून घरी जातात, त्यांतले सुमारे एक पंचमांश तीस दिवसांच्या आत पुन्हा भरती होतात. त्यातही बऱ्याचदा कारण मूळ आजाराचं नसतंच. हृदयविकारासाठी भरती झालेला माणूस न्यूमोनिया घेऊन परततो, न्यूमोनियातून उठलेली बाई घरात पडते आणि हाड मोडून घेते. क्रुमहोल्झ यांचं म्हणणं असं, की रुग्णालयातला मुक्कामच शरीराला खिळखिळं करतो. रात्री-अपरात्री रक्त काढण्यासाठी उठवतात, तपासण्यांसाठी उपाशी ठेवतात, दिवसभर पडून राहावं लागतं, गुंगी आणणारी औषधं चालू असतात, दिवस-रात्रीचं भान सुटतं. आजार आटोक्यात आला म्हणून माणूस घरी येतो, पण अंगातली ताकद रुग्णालयातच राहिलेली असते.

अंथरुणाचा धोका तर त्याच्याही फार आधी ओळखला गेला होता. लंडनचे डॉक्टर रिचर्ड अ‍ॅशर यांनी १९४७ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये पडून राहण्याच्या धोक्यांवर एक छोटा लेख लिहिला. शस्त्रक्रियेनंतर किंवा बाळंतपणानंतर लांबलचक विश्रांतीचा सल्ला देण्याचा तो काळ. अ‍ॅशर यांनी शरीराचा एकेक भाग घेऊन दाखवलं, की पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात, स्नायू झडतात, हाडांतलं कॅल्शियम कमी होतं, फुप्फुसात कफ साठतो, शौचाला कडक होतं, पाठीला जखमा होतात. आज खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर पेशंटला बहुधा दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं करतात ते याच समजेतून. घरी आल्यावर मात्र उलटा प्रवास सुरू होतो. "तुम्ही पडून राहा, सगळं हातात देते," असं म्हणणाऱ्या सुनेचा हेतू चांगलाच असतो. सासूबाईंसाठी मात्र, डॉक्टरांनी मोकळीक दिली असेल तर, दर दोन-तीन तासांनी उठून, धरून का होईना, संडासपर्यंत चालत जाणं हेच औषध असतं.

जे उठूच शकत नाहीत, त्यांच्यासाठी सगळ्यात मोठी लढाई कातडीची असते. माणूस उताणा पडतो तेव्हा माकडहाड, टाचा, खांद्याची हाडं आणि डोक्याची मागची बाजू यांवर शरीराचा भार येतो. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, तिथला रक्तपुरवठा तुटतो, आणि काही तासांत तिथे लाल डाग उमटतो. बोटाने दाबल्यावर तो डाग पांढरा पडत नसेल, लालच राहत असेल, तर इजा सुरू झालेली आहे. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. तिथे हात लावून पाहावं लागतं, आसपासच्या जागेपेक्षा तो भाग गरम, कडक किंवा लिबलिबीत लागतो. हीच बेडसोरची पहिली पायरी. इथे ओळखलं तर केवळ कूस बदलून आणि त्या जागेवर भार न देता ती जागा सावरू शकते. दुर्लक्ष झालं तर जखम हाडापर्यंत जाते आणि भरायला महिने घेते.

म्हणून दर दोन तासांनी कूस बदलण्याचा नेम पाळायचा. एअर बेड आणला म्हणजे हा नेम सुटला, असं नाही. कुशीवर वळवताना माणसाला अगदी आडवं न करता पाठीमागे उशी देऊन तिरकं ठेवलं, तर खुब्याच्या हाडावर सगळा भार येत नाही. पोटऱ्यांखाली उशी घातली की टाचा गादीवरून अधांतरी राहतात. लाल झालेली जागा चोळायची नाही. चोळल्याने आतल्या नाजूक रक्तवाहिन्या आणखी तुटतात. रबरी गोल रिंगवर बसवण्याची जुनी पद्धतही आता तज्ज्ञ नाकारतात, कारण रिंगच्या कडेने दाब पडून मधल्या भागाचा रक्तपुरवठा कमी होतो. वर ओढून घेताना माणसाला फरफटत न नेता खालच्या चादरीसकट दोघांनी उचलायचं, म्हणजे कातडी घासली जात नाही. ओला डायपर तसाच राहू द्यायचा नाही. आणि पोटात डाळ, अंडं, दूध असं प्रथिनांचं अन्न गेलंच पाहिजे, कारण उपाशी शरीराची जखम भरत नाही.

नळ्यांचंही तसंच. लघवीची पिशवी कायम मूत्राशयापेक्षा खाली टांगायची. पेशंटला हलवताना ती पोटावर ठेवली तर पिशवीतली लघवी उलटी आत जाऊ शकते आणि जंतुसंसर्ग होतो. नाकातल्या नळीने अन्न देताना डोक्याकडची बाजू तीस ते पंचेचाळीस अंश उंच हवी, आणि दिल्यावर निदान अर्धा तास तशीच. पक्षाघात झालेल्या माणसाला तोंडाने खायला घालण्याआधी त्याला गिळता येतं का, याची तपासणी रुग्णालयात झालेली असली पाहिजे. नसेल तर डिस्चार्जच्या आधी ती मागून घ्यावी. ठसका न लागताही पाणी श्वासनलिकेत उतरू शकतं, आणि त्यातून होणारा न्यूमोनिया अनेकांचा जीव घेतो. लुळ्या हाताला धरून कोणी ओढायचं नाही, त्याने खांदा निखळतो.

यातली एकही गोष्ट अवघड नाही. पण एकेक गोष्ट कोणीतरी हाताला हात लावून दाखवावी लागते, आणि चार दिवसांनी येऊन ती बरोबर होते आहे ना, हे पाहावं लागतं. हे पाहणारं माणूस कुठून आणायचं, या प्रश्नाला जगात निरनिराळ्या ठिकाणी उत्तरं शोधली गेली.

एक उत्तर इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचं आहे. विल्यम रॅथबोन हे तिथले श्रीमंत व्यापारी. १८५९ मध्ये त्यांची पत्नी वारली. तिच्या आजारपणात मेरी रॉबिन्सन नावाची नर्स घरी राहून सेवा करत होती. पैसा असूनही आपल्या घरात या बाईमुळे केवढा आधार मिळाला. मग गरिबाच्या घरी आजारपणात काय होत असेल, असा विचार रॅथबोन यांच्या मनात आला. त्यांनी मेरी रॉबिन्सनला तीन महिन्यांच्या पगारावर गरीब वस्त्यांमध्ये घरोघरी पाठवलं. पहिला महिना संपण्याआधीच ती रडत परत आली. तिथलं दैन्य तिला पाहवेना. रॅथबोन यांनी तिला धीर दिला, आणि तीन महिने संपले तेव्हा हेच काम पुढे करण्याची तिचीच इच्छा होती. अशा नर्स पुरेशा मिळेनात, म्हणून रॅथबोन यांनी फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा सल्ला घेतला आणि लिव्हरपूलमध्ये नर्सिंगची शाळा उभी राहिली. शहराचे विभाग पाडून प्रत्येक विभागाला एक नर्स देण्याची पद्धत तिथून पसरली.

नाइटिंगेलचं 'नोट्स ऑन नर्सिंग' हे गाजलेलं पुस्तकही मुळात रुग्णालयातल्या नर्ससाठी नव्हतं. ज्या बायकांवर घरातल्या आजारी माणसाची जबाबदारी येते, त्यांच्यासाठी तिने ते लिहिलं होतं. खोलीत हवा कशी खेळवावी, गोंगाट का टाळावा, पेशंटने ताटात काय टाकलं हे का पाहावं, अशा साध्या गोष्टी त्यात आहेत. शुश्रूषा हे शिकण्याचं काम आहे, हा त्यामागचा आग्रह.

आपल्याकडे याच प्रश्नाचं सगळ्यात ठसठशीत उत्तर गडचिरोलीत मिळालं. तिथला आजारी माणूस म्हणजे काही दिवसांचं बाळ होतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९०च्या दशकात ३९ गावांमध्ये नवजात बाळांची काळजी घरीच घेण्याचा प्रयोग केला. बाळंतपणं घरी होत होती आणि आजारी बाळाला रुग्णालयात न्यायची सोय किंवा तयारी बहुतेकांची नव्हती. संस्थेने गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायका निवडल्या आणि त्यांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार केलं. त्या बाळाचं वजन करत, ताप मोजत, श्वास मोजत, त्याला ऊबदार कसं ठेवायचं आणि अंगावर कसं पाजायचं हे आईला दाखवत. जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर ठरवून दिलेल्या पद्धतीने प्रतिजैविकं देत, त्यात जेन्टामायसिनचं इंजेक्शनही होतं. वरून देखरेख होती, नोंदी तपासल्या जात होत्या.

डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने या प्रयोगाचे निष्कर्ष छापले. त्या गावांमधलं नवजात बाळांच्या मृत्यूंचं प्रमाण दर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आलं होतं, आणि तुलनेसाठी निवडलेल्या गावांमध्ये ते जवळपास होतं तिथेच राहिलं होतं. २०११ मध्ये केंद्र सरकारने याच धर्तीवर देशभर कार्यक्रम सुरू केला. आज दवाखान्यात बाळंत होऊन घरी आलेल्या बाईकडे आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. रुग्णालयातून घरी आलेल्या माणसाच्या मागे कोणीतरी ठरलेल्या दिवशी, ठरलेली यादी घेऊन जातं, अशी देशव्यापी व्यवस्था आपल्याकडे उभी राहू शकते, याचा हा पुरावा आहे.

मग घरच्यांनाच चांगलं शिकवून सोडलं, तर बाहेरच्या माणसाची गरज उरणार नाही का? या प्रश्नाचीही भारतातच मोठी परीक्षा झाली. 'अटेंड' नावाच्या अभ्यासात देशातल्या १४ रुग्णालयांमधले पक्षाघाताचे १,२५० रुग्ण घेतले होते. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांच्या घरातल्या एका माणसाला रुग्णालयातच व्यायाम, हालचाली आणि सराव यांचं शिक्षण दिलं, आणि घरी गेल्यावरही दोन महिन्यांपर्यंत मार्गदर्शन चालू ठेवलं. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत मृत्यू पावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचं प्रमाण सारखंच होतं, ४७ टक्के.

हा निकाल अनेकांना निराश करणारा वाटला, पण तो फार मोलाचा आहे. पक्षाघात आणि नवजात बाळ यांची सरळ तुलना होत नाही, हे खरं. तरीही फिजिओथेरपिस्टचं काम घरच्या माणसावर सोपवलं की भागतं, हा समज या अभ्यासाने खोडून काढला. घरच्यांना शिकवणं आवश्यकच आहे, पण बेडसोर टाळायला शिकणं वेगळं आणि लुळा हात पुन्हा चालता करणं वेगळं. ज्या कामाला तज्ज्ञाचा हात लागतो, तिथे तज्ज्ञच घरी आला पाहिजे.

केरळने नेमका हा धागा या अभ्यासाच्या कितीतरी आधीच पकडला होता. १९९३ मध्ये कोझिकोडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी कॅन्सरच्या रुग्णांच्या वेदना कमी करण्यासाठी एक छोटं केंद्र सुरू केलं. दुखणं असह्य झालेल्या रुग्णाला बसने कोझिकोडला आणणं हीच एक शिक्षा होती. त्यामुळे काम घरांकडे वळलं. मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत गावोगावी स्वयंसेवक तयार झाले. दुकानदार, शिक्षक, रिक्षावाले, गृहिणी आठवड्यातले दोन-तीन तास देऊ लागले. २००८ मध्ये केरळ सरकारने याचं धोरण केलं, आणि पुढे पंचायतींनी स्वतःच्या निधीतून नर्स नेमल्या.

तिथल्या घरभेटीत काय होतं? नर्स स्वयंसेवकांना घेऊन गाडीने येते. कॅथेटर बदलते, पाठीची जखम धुते, मॉर्फिनच्या गोळ्या वेळेवर दिल्या जातात का ते पाहते. कॅन्सरची जखम फुटून दुर्गंधी येत असेल, तर मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची पूड करून ती ड्रेसिंगमध्ये कशी घालायची हे बायकोला दाखवते. दुर्गंधीमुळे नातवंडं खोलीत येईनाशी झालेली असतात. दोन-चार दिवसांत वास कमी होतो आणि ती पुन्हा आजोबांजवळ येऊन बसतात. स्वयंसेवक तेवढ्यात घरात तांदूळ आहेत का, मुलांची शाळा चालू आहे का, याची चौकशी करतात. डॉक्टर गरज असेल तेव्हा येतो. घरचे रोजचं करतात, नर्स कौशल्याचं करते, गाव उरलेलं उचलतं.

महाराष्ट्रात अशी बेटं आहेत. देशातली पहिली हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची शुश्रूषा करणारी संस्था, मानली जाणारी शांती अवेदना सदन १९८६ मध्ये मुंबईत सुरू झाली. पुण्यात वारज्याला १९९७ पासून असलेल्या सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटरमध्ये कॅन्सरच्या रुग्णाबरोबर घरचं माणूसही राहतं आणि तिथेच शुश्रूषा शिकून घरी जातं. पण खुबा मोडलेली आजी किंवा पक्षाघाताने खाटेला खिळलेले आजोबा यांच्या घरच्यांना बहुधा घरी नर्स किंवा आया पुरवणाऱ्या ब्यूरोचा फोन नंबर शोधावा लागतो.

ब्यूरोतून येणारी बाई बारा तासांची की चोवीस तासांची, एवढीच चौकशी बहुतेक घरं करतात. खरा प्रश्न तिच्या शिक्षणाचा असतो. जीएनएम हा तीन वर्षांचा आणि एएनएम हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, आणि ते केलेल्या नर्सची महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी असते. ती पाहायला मागण्यात संकोच नको. केअरटेकर किंवा आया आंघोळ, जेवण, कूस बदलणं, चालवणं ही कामं उत्तम करू शकतात. इंजेक्शन, सलाइन, नाकातली नळी बदलणं ही नर्सचीच कामं. पांढरा कोट घातलेल्या प्रत्येक बाईला 'सिस्टर' म्हणून ती कामं सोपवणं पेशंटच्या जिवावर बेतू शकतं. आणि परक्या घरात रात्र-रात्र जागणाऱ्या त्या बाईला झोपायला जागा, वेळेवर जेवण आणि आठवड्याची सुट्टी मिळालीच पाहिजे.

पैशाची बाजूही डिस्चार्जच्या आधीच पाहून ठेवावी. बऱ्याच आरोग्यविमा पॉलिसींमध्ये डिस्चार्जनंतर ठरावीक दिवसांपर्यंत, अनेकदा साठ दिवस, औषधं आणि तपासण्यांचा खर्च मिळतो. रुग्णाला हलवणंच शक्य नसेल किंवा रुग्णालयात खाट मिळत नसेल, तर तीन दिवसांपेक्षा जास्त चाललेल्या घरच्या उपचारांचा खर्च काही पॉलिसी देतात. आयुष्मान भारत योजनेत डिस्चार्जनंतरच्या पंधरा दिवसांचा समावेश आहे. बिलं जपून न ठेवल्यामुळे हे पैसे अनेकांच्या हातून जातात.

या सगळ्यात ज्याची तपासणी कोणीच करत नाही, तो माणूस म्हणजे शुश्रूषा करणारा. अमेरिकेतल्या रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी १९९९ मध्ये 'जामा'मध्ये एक अभ्यास छापला. आजारी जोडीदाराची काळजी घेणाऱ्या आणि त्याचा ताण सोसणाऱ्या वृद्धांमध्ये चार वर्षांतल्या मृत्यूची जोखीम, अशी जबाबदारी नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघाली. आपल्याकडे सत्तरीतली बायको पंचाहत्तरीतल्या नवऱ्याला उचलते, तिची बीपीची गोळी चुकते, रात्री चार वेळा उठते, आणि 'माझं काय, मी ठीक आहे' म्हणते. पुण्या-मुंबईत किंवा परदेशात असलेल्या मुलांनी रोज फोनवर बाबांची चौकशी करताना आईची झोप किती झाली हेही विचारायला हवं, आणि महिन्यातले काही दिवस तरी तिच्याजागी दुसऱ्या कोणाची पाळी लावायला हवी.

आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणून आता ओळखल्या जाणाऱ्या सरकारी आरोग्य केंद्रांच्या सेवांच्या यादीत वृद्धांची काळजी आणि पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणारी शुश्रूषा, या दोन्ही गोष्टी आहेत. म्हणजे कागदावर वाट मोकळी आहे. आशाताईला बाळंतिणीच्या घरचे सहा दिवस जसे नेमून दिलेले आहेत, तसे खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा पक्षाघातानंतर परतलेल्या माणसाच्या घरचेही दिवस एखाद्या नर्सला नेमून द्यायला हवेत, आणि केरळच्या पंचायतींप्रमाणे ही मागणी ग्रामसभेत आणि नगरसेवकाच्या दारात उठायला हवी. त्या भेटीत करायचं काम थोडकं आहे. चादर बाजूला करून पाठ आणि टाचा पाहायच्या, जुन्या आणि नव्या गोळ्या समोर ठेवून कुठली दोनदा घेतली जाते आहे ते शोधायचं, पेशंटला एकदा उभं करून पाहायचं, आणि मग शुश्रूषा करणाऱ्या बाईला बसवून तिचंही बीपी मोजायचं.